सुईतून जाईल आणि आत टिकेल असे जेल: कायटोसान हायड्रोजेल बळकट करण्याची पद्धत

इंजेक्शनने देता येणाऱ्या हायड्रोजेलकडून, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या रेणूंच्या जाळ्याकडून, आपण दोन उलट गोष्टी मागतो. सुईतून जाताना ते पातळ हवे आणि जागेवर पोचल्यावर घट्ट. घट्टपणा वाढवण्याचा जवळजवळ प्रत्येक उपाय सुईतल्या प्रवासाला थोडाफार आड येतो. म्हणून ‘बळकट’ करायचे म्हणजे नेमके काय वाढवायचे, हे आधी ठरवा. दाबल्यावर कमी दबणे म्हणजे ताठपणा. तडा गेल्यावर तो पुढे न पसरणे म्हणजे चिवटपणा. आठवडाभर द्रावणात राहूनही न विरघळणे हा टिकाऊपणा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. ताठ जेल बहुतेक वेळा ठिसूळही होते, त्यामुळे एकाच आकड्यामागे धावलात तर दुसरा हातचा जातो.

सरावासाठी कायटोसानचे तापमानाने घट्ट होणारे जेल चांगले. साहित्य स्वस्त आहे, प्रकाशाची उपकरणे लागत नाहीत आणि चूक झाली की ती डोळ्यांना दिसते. कायटोसान आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हे मीठ यांचे असे जेल २००० साली माँट्रियलच्या शेनित आणि सहकाऱ्यांनी मांडले. थंड असताना द्रव आणि ३७ अंशांना जेल, ही त्याची खुबी. त्यातूनच पुढे गुडघ्याच्या कूर्चेसाठी बीएसटी-कारजेल हे उत्पादन आले, ज्यात कायटोसानचे द्रावण रुग्णाच्याच रक्तात मिसळून लावतात. पण मूळ जेल मऊ असते आणि त्याला लागणारे ग्लिसरोफॉस्फेट पेशींना खारट पडते. खालची कृती या दोन्ही अडचणींवर काम करते. ती प्रयोगशाळेतल्या अभ्यासापुरती आहे, माणसाच्या किंवा प्राण्याच्या शरीरात टोचण्यासाठी नाही.

पायरी १: पावडर ओळखून घ्या

कायटोसान हा लांब साखळीचा रेणू कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून होतो, आणि एका पिंपातले दुसऱ्यासारखे नसते. बाटलीवर दोन गोष्टी पाहा: डीअॅसिटिलेशनची टक्केवारी (साखळीवरचे किती अमाइन गट मोकळे केले आहेत) आणि रेणुभार किंवा स्निग्धता. ८५ ते ९५ टक्के डीअॅसिटिलेशन आणि मध्यम रेणुभार घ्या. टक्केवारी कमी असेल तर जेल नीट जमत नाही. ९५च्या वर गेली तर लायसोझाइमला, म्हणजे शरीरातल्या विकराला, ते तोडता येत नाही आणि जेल शरीरासारख्या परिस्थितीत फार काळ पडून राहते. बॅचचा क्रमांक वहीत लिहा. बॅच बदलली की कंट्रोलचा, म्हणजे बळकटीसाठी काहीही न घातलेल्या जेलचा, नमुना पुन्हा करायचा, यात सवलत नाही.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. ही पावडर हवेतले पाणी ओढते. जुलैत मुंबईत किंवा कोकणात उघड्या बाटलीतली पावडर वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत सहज ओली असू शकते. मग तुमचे ३.३३ टक्क्यांचे द्रावण प्रत्यक्षात ३ टक्क्यांचे भरते आणि ‘मागच्या महिन्यात जेल चांगले जमत होते’ अशी तक्रार सुरू होते. लागेल तेवढी पावडर रात्रभर ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, डेसिकेटरमध्ये थंड करा, मगच वजन करा.

पायरी २: कायटोसानचे द्रावण

३७ टक्क्यांचे संहत हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण १२ मोलर असते. त्याचे १ मि.लि. फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून, ९० मि.लि. पाण्यात सोडा आणि १०० मि.लि.पर्यंत भरा. हे झाले ०.१२ मोलर. यात ३.३३ ग्रॅम कायटोसान घालायचे. एकदम ओतले तर पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात: बाहेरून ओल्या, आत कोरड्या, आणि त्या दिवसभर फिरवूनही सुटत नाहीत. स्टरर जोरात चालू ठेवून चिमटीचिमटीने दहा मिनिटांत भुरभुरवा. द्रावण दाट होत जाईल तसा चुंबकाचा स्टरर अडकतो. पात्याचा यांत्रिक स्टरर असेल तर तोच वापरा. पाच-सहा तास फिरवून रात्रभर ४ अंशांना ठेवा.

इथे आम्ल मुद्दाम कमी ठेवले आहे. एवढ्या कायटोसानमध्ये अमाइन गट साधारण ०.२ मोलर असतात आणि आम्ल ०.१२ मोलर, म्हणजे साठ टक्के गटच भारित होतात. विरघळायला तेवढे पुरतात आणि नंतर उदासीन करायला अल्कलीही कमी लागते. जास्तीचे आम्ल घालून ‘छान पारदर्शक’ द्रावण केलेत, तर पुढच्या पायरीचा सगळा हिशेब चुकतो.

पेशींसोबत वापरायचे असेल तर हे द्रावण १२१ अंशांवर २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करा. साखळ्या थोड्या तुटतात, द्रावण जरा पातळ होते. म्हणून तुलनेचे सगळे नमुने एक तर ऑटोक्लेव्ह केलेल्या द्रावणाचे करा किंवा सगळेच न केलेल्याचे. शेवटी सेंट्रिफ्यूज करून बुडबुडे काढा.

पायरी ३: जमवणारे द्रावण

जुन्या कृतीत १० मि.लि. जेलमागे ५६० मि.ग्रॅ. ग्लिसरोफॉस्फेट जाते. पेंटाहायड्रेट, म्हणजे पाण्याचे पाच रेणू धरलेले मीठ, मानले तरी आयनांचा हिशेब ६०० मिलिऑस्मोलच्या (खारटपणाचे माप) पुढे जातो, तर शरीरातले द्रव २८० ते ३००च्या आसपास असतात. त्यातला काही भार सोडियम बायकार्बोनेटवर टाकला की क्षार कमी होतात आणि जेल जास्त ताठ येते. बायकार्बोनेट आम्लाशी जुळते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पीएच वर सरकतो आणि कायटोसानच्या साखळ्या एकमेकींना धरतात.

तयार जेलमध्ये बायकार्बोनेट ०.०७५ मोलर आणि ग्लिसरोफॉस्फेट ०.१ मोलर असावे. आपण ३ भाग कायटोसान आणि २ भाग हे द्रावण मिसळणार, म्हणून ते अडीच पट तीव्र करायचे. १० मि.लि. पाण्यात बायकार्बोनेट १५८ मि.ग्रॅ. आणि ग्लिसरोफॉस्फेट ७६५ मि.ग्रॅ. हा दुसरा आकडा पेंटाहायड्रेटसाठी आहे, रेणुभार ३०६. निर्जल मीठ असेल तर ५४० मि.ग्रॅ. पुरतात. बाटलीवरचा हा एक शब्द न वाचल्याने होणारी चूक चाळीस टक्क्यांची असते. या मिश्रणाचा हिशेब साधारण ४५० मिलिऑस्मोल येतो. म्हणजे तेही पूर्ण समतोल नाही, पण जुन्या कृतीपेक्षा बरेच सौम्य आहे.

हे द्रावण ऑटोक्लेव्ह करायचे नाही. उष्णतेने कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि त्याच दिवशी वापरा.

पायरी ४: मिसळणे

बहुतेक ‘कमजोर’ जेल इथे बिघडतात. बीकरमध्ये काचेच्या कांडीने ढवळू नका. जिथे अल्कलीचा थेंब पडतो तिथे लगेच गाठ बसते, बाकीचे पातळ राहते. दोन लुअर-लॉक (पिळून बसवायच्या टोकाच्या) सिरिंज घ्या, एकीत ३ मि.लि. कायटोसान, दुसरीत २ मि.लि. जमवणारे द्रावण. दोन्ही बर्फावर दहा मिनिटे ठेवा. दोन्हींतली हवा काढून मधल्या जोडणीने जोडा. आधी पातळ द्रावण दाट द्रावणात ढकला, मग दोन्ही दट्टे आळीपाळीने पंधरा वेळा मागेपुढे करा. ढकलण्याचा वेग आणि संख्या दरवेळी सारखीच ठेवा. एकाने आठ वेळा आणि दुसऱ्याने वीस वेळा ढकलले तर आकडे जुळणार नाहीत.

मिसळताना वायू सुटतो. सगळे एका सिरिंजमध्ये घेऊन ती टोक वर करून उभी धरा, जोडणी सोडा, मिनिटभर बर्फावर ठेवा आणि फेस बाहेर काढा. नमुन्यात राहिलेला प्रत्येक बुडबुडा म्हणजे तडा सुरू होण्याची तयार जागा.

आता तापमान. कृतींमध्ये ‘खोलीच्या तापमानाला’ लिहिलेले असते ते २० ते २२ अंश धरून. मे महिन्यात नागपूरला एसी बंद असलेल्या खोलीचे तापमान जेल जमण्याच्या तापमानाच्या पुढे असते आणि जेल सिरिंजमध्येच बसते. बर्फाचा डबा टेबलावरच असू द्या.

पीएच पाहायचा तर मिसळल्याबरोबर पाहा. तो ७च्या आसपास असावा. इलेक्ट्रोडवर जेल चिकटले तर गरम पाणी लावू नका, त्याने ते आणखी घट्ट होते. पातळ आम्लात बुडवा, सुटते.

पेशी घालायच्या असतील तर जमवणारे द्रावण पाचपट तीव्र करा आणि ३ मि.लि. कायटोसान, १ मि.लि. ते द्रावण, असे आधी मिसळून घ्या. मग तिसऱ्या सिरिंजमधून माध्यमातल्या पेशींचे १ मि.लि. मिसळा. उदासीन होण्याआधी पेशी आम्लात गेल्या तर पुढच्या मोजमापाला अर्थ उरत नाही. माध्यमाचे स्वतःचे क्षारही या जेलमध्ये येतात, तेव्हा खारटपणाचा हिशेब पुन्हा करा.

पायरी ५: आधी मोजा, मग वाढवा

रिओमीटरवर, म्हणजे जेल किंचित पिळून ताठपणा मोजणाऱ्या यंत्रावर, २५ मि.मी.ची समांतर तबकडी आणि १ मि.मी. अंतर घ्या. एवढ्याला अर्धा मि.लि. जेल लागते. १ हर्ट्झ, १ टक्का ताण, तापमान २२वरून ३७ अंशांना नेऊन तासभर वाचन. कडेला पातळ तेलाची रेघ ओढा, नाहीतर कड सुकून जेल खोटेच ताठ दिसते. तेलाची दुसरी बाजूही लक्षात असू द्या: बंदिस्त नमुन्यातून कार्बन डायऑक्साइड निघायला वेळ लागतो, त्यामुळे तिथे जमण्याची वेळ उघड्या नमुन्यापेक्षा लांबलेली दिसू शकते. जेल आकसून पाणी सोडू लागले की गुळगुळीत तबकडी घसरते. खरबरीत तबकडी वापरा.

दाबाच्या चाचणीसाठी १० मि.मी. व्यासाचे, ५ मि.मी. उंचीचे नमुने ओता, ३७ अंशांना २४ तास दमट ठेवा आणि ५ ते १५ टक्के दबण्यातला दाबाच्या आलेखाचा उतार काढा. इथे नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे लोड सेल, यंत्रातला जोर मोजणारा भाग. २० किलोपास्कलचे जेल १० टक्के दाबायला साधारण ०.१६ न्यूटन लागते, म्हणजे सोळा ग्रॅमचे वजन. धातूंसाठी बसवलेल्या ५ किलोन्यूटनच्या सेलवर हा आकडा गोंगाटात हरवतो. ५ किंवा १० न्यूटनची सेल मागून घ्या. प्रत्येक प्रकाराचे किमान पाच नमुने करा. बुडबुडा दिसणारा नमुना चाचणीआधी बाद करायचा, आकडा पाहून नंतर नव्हे.

तिसरे मोजमाप सुईचे. सिरिंज स्टँडला उभी बांधा, स्टँड वजनकाट्यावर ठेवा आणि दट्टा सावकाश दाबा. काटा ३ किलोने वाढला तर बोटाला ३० न्यूटन लागले. ३० ते ५० न्यूटनच्या पुढे हाताने नीट देता येत नाही. हिरव्या टोपीच्या २१ गेज सुईचे आतले भोक सुमारे अर्धा मि.मी. असते, नारिंगी २५ गेजचे त्याच्या निम्मे. साध्या द्रवाला भोक निम्मे झाले की दाब सोळापट लागतो. कायटोसान ढकलताना पातळ होते म्हणून एवढा नाही, पण फरक मोठाच असतो. सिरिंजही मोजा. ५ मि.लि.च्या सिरिंजचा दट्टा १ मि.लि.च्या दट्ट्याहून क्षेत्रफळात सहापट मोठा असतो आणि बोटाचा जोरही तेवढाच जास्त लागतो. ‘जेल सुईतून जात नाही’ असे वाटले की आधी छोटी सिरिंज लावून पाहा.

पायरी ६: बळकट करण्याचे मार्ग

सुरुवात नॅनो पावडरीने करण्याचा मोह होतो. आमचे मत उलट आहे. पाया सारखा येईपर्यंत, म्हणजे वेगवेगळ्या तीन दिवशी केलेल्या कंट्रोलचे ताठपणाचे आकडे पंधरा-वीस टक्क्यांत जुळेपर्यंत, दुसरे काही घालूच नये. नाहीतर तुम्ही पावडरीचा परिणाम मोजत नसता, मिसळण्यातली चूक मोजत असता.

*कायटोसान वाढवणे.* तयार जेलमधले कायटोसान (३.३३चे तीन-पंचमांश, म्हणजे २ टक्के) ३ टक्के केले तर ताठपणा साधारण वर्गाच्या हिशेबाने, म्हणजे दोन-अडीच पट वाढतो. द्रावणाची स्निग्धता मात्र तिसऱ्या-चौथ्या घाताने चढते, म्हणजे साडेतीन ते पाच पट. ताठपणा जितका मिळवला त्याहून जास्त सुईने घेतला. २.५ टक्क्यांवर थांबणे बहुधा शहाणपणाचे. कायटोसान वाढवाल तेव्हा आम्ल आणि बायकार्बोनेट त्याच प्रमाणात वाढवा.

*जेनिपिन.* गार्डेनियाच्या फळातून मिळणारा हा रेणू कायटोसानच्या अमाइन गटांना कायमच्या बंधाने जोडतो. ग्लुटारल्डिहाइड या नेहमीच्या जोडणाऱ्या रसायनापेक्षा पेशींना पुष्कळ सौम्य, पण महाग. त्याचा मोठा गुण म्हणजे सावकाशपणा. पहिली काही मिनिटे तो जवळजवळ काही करत नाही, म्हणून सुईच्या प्रवासाला धक्का लागत नाही. खरे काम पुढच्या २४ ते ७२ तासांत होते आणि जेल निळे पडते. ०.५, १ आणि २.५ मिलिमोलर अशा तीन मात्रा करा. ५ मि.लि. जेलमध्ये १ मिलिमोलर म्हणजे १.१३ मि.ग्रॅ. एवढे नेमके वजन करणे कठीण, म्हणून ताजे तीव्र द्रावण करून त्यातून थेंब घ्या आणि ते जमवणाऱ्या द्रावणाच्या भागात धरा. एकूण आकारमान बदलू देऊ नका. जेलमधले अमाइन गट ०.१२ मोलरच्या आसपास असतात, म्हणजे १ मिलिमोलर जेनिपिन त्यातले दोन टक्केही अडवत नाही. तरी ताठपणात फरक दिसतो, कारण मूळ जेल तात्पुरत्या बंधांवर उभे असते. मात्रा वाढवत नेली की जेल ठिसूळ होते आणि मोकळे जेनिपिन पेशींच्या प्रथिनांनाही धरते.

निळ्या रंगाचा सापळा मोठा आहे. एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी, ५७० नॅनोमीटरच्या आसपास वाचतात आणि हा रंगही तिथेच प्रकाश शोषतो. जेनिपिनचे जेल लाल भागात चमकतेही, त्यामुळे मेलेल्या पेशी दाखवणाऱ्या लाल रंगाशी गल्लत होते. पेशी नसलेले जेनिपिन जेल प्रत्येक वेळी सोबत मोजा, किंवा जेल विरघळवून डीएनए मोजण्याची पद्धत वापरा.

*हायड्रॉक्सीअॅपटाइट.* हाडातले हे खनिज हाडासाठीच्या जेलमध्ये हवेच असते. १ टक्क्यापासून सुरुवात करा, ५ मि.लि.ला ५० मि.ग्रॅ. ते आम्लाच्या द्रावणात घालू नका, आम्लात ते विरघळू लागते. ग्लिसरोफॉस्फेटच्या द्रावणात घालून बर्फावर प्रोब सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी गाठी फोडणारे यंत्र) ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद, अशी एकूण दोन मिनिटे द्या. बायकार्बोनेट त्यानंतर टाका, कारण सोनिकेशनने त्यातला वायू निघून जातो. कण जड असतात. सिरिंज दहा मिनिटे पडून राहिली की ते तळाशी बसतात आणि पहिला थेंब पातळ, शेवटचा खडूसारखा निघतो. सुई मध्येच तुंबली तर जोर लावू नका, गाठी राहिल्या आहेत असे समजा. कण ताठपणा वाढवतात, पण साखळ्यांना घट्ट चिकटले नाहीत तर तडा त्यांच्या कडेनेच जातो. लॅपोनाइटसारखी ऋणभारित माती तर धनभारित कायटोसानबरोबर तत्काळ गोळा होते. जिलेटिन किंवा अल्जिनेटमध्ये ती चालते, इथे टाळा.

*जिलेटिन.* पेशींना चिकटायला जागा मिळते म्हणून १ टक्का घालतात. २२ अंशांना चाचणी केलीत तर आकडा सुंदर येईल आणि तो खोटा असेल. जिलेटिनचे स्वतःचे जेल ३७ अंशांना वितळते आणि दोन दिवसांत बाहेरच्या द्रावणात झिरपते. सोबत जेनिपिन असेल तरच ते टिकते.

*दुसरे जाळे.* चिवटपणा हवा असेल तर खरा मार्ग हाच. २००३ साली जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठात च्यान पिंग गोंग यांच्या गटाने दाखवले की एक ताठ, ठिसूळ जाळे आणि त्यात विणलेले दुसरे लवचीक जाळे असेल तर पहिले तुटताना ऊर्जा गिळते आणि दुसरे तुकड्यांना धरून ठेवते. त्या जेलांचे घटक जसेच्या तसे पेशींसोबत चालत नाहीत, तत्त्व मात्र उचलता येते. जेलमा, म्हणजे मेथाक्रिलेट जोडलेले जिलेटिन, ५ टक्के आणि एलएपी, म्हणजे प्रकाश पडताच जोडणी सुरू करणारे रसायन, ०.२५ टक्के घालून ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश १० मिलिवॅट प्रति चौ.सें.मी. तीव्रतेने एक मिनिट द्या. दोन अडचणी लक्षात ठेवा. कायटोसान जमताना दुधी होते आणि प्रकाश विखुरतो, म्हणून टोचल्याबरोबर प्रकाश द्या. शिवाय जेलमा थंडीत स्वतःच गोठते, म्हणून बर्फ सोडून २२ ते २५ अंशांना झटपट काम करावे लागते. हायड्रॉक्सीअॅपटाइट आणि प्रकाश एकत्र वापरलेत तर वरचे एक-दोन मि.मी. पक्के आणि खाली रबडी, असा नमुना निघतो.

पायरी ७: किती पुरे?

कूर्चेचा ताठपणा मेगापास्कलच्या जवळ असतो. तिथवर पोचायचे नाही. २००६ साली एंगलर आणि सहकाऱ्यांनी मूळपेशींना वेगवेगळ्या ताठ पृष्ठभागांवर वाढवले, तेव्हा ८ ते १७ किलोपास्कलवर त्या स्नायूकडे वळल्या आणि २५ ते ४० वर हाडाकडे. ते सपाट पृष्ठभाग होते, तुमचे जेल पेशींना सर्व बाजूंनी वेढते. तरी वीस-तीस किलोपास्कल काही कमी नाहीत, हे त्यावरून कळते.

जाळ्याच्या छिद्राचा अंदाजही बांधता येतो. ३७ अंशांना १ किलोपास्कल कर्तन-ताठपणाला (रिओमीटरवर मोजलेला) छिद्र साधारण १६ नॅनोमीटर, १० किलोपास्कलला साडेसात. आदर्श जाळ्याचा हा हिशेब कायटोसानला ढोबळच लागू पडतो, पण दिशा खरी आहे. ग्लुकोज सुमारे एक नॅनोमीटरचे, ते बिनदिक्कत जाते. अल्ब्युमिन सातच्या आसपास, ते अडखळू लागते. म्हणून ताठ जेलमधल्या पेशी तिसऱ्या दिवशी ठीक दिसल्या तरी चौदाव्या दिवशी पाहा, आणि नमुना मधोमध कापून पाहा. कडेच्या पेशी जिवंत आणि मधल्या मेलेल्या असतील तर जेलचा घट्टपणा किंवा नमुन्याची जाडी कमी करा.

शेवटची चाचणी बरेच जण गाळतात. साच्यात ओतलेले जेल आणि सुईतून काढलेले जेल यांचा ताठपणा वेगळा भरू शकतो, कारण अर्धवट जमलेले जाळे सुईत फाटते आणि ते बंध पुन्हा पूर्ण जुळत नाहीत. मिसळल्यापासून १, ५ आणि १० मिनिटांनी सुईतून काढलेले नमुने वेगवेगळे मोजा. ज्या मिनिटापासून आकडा घसरायला लागतो, त्याच्या आत टोचणे संपायला हवे. ती वेळ डब्यावर लिहून ठेवा, टक्केवारीच्या शेजारी.